उमाबाईची वही

त्या साली मुगाच्या शेंगा काळ्या पडल्या आणि नेमकी तेव्हाच पावसानं झड धरली. शेंगा झाडावरच कुजतील या धास्तीनं महारुद्र आणि त्याची बायको उमाबाई दिवस उजाडायच्या आत रानात उतरायची. ओल्या शेंगा तोडून तोडून उमाबाईच्या बोटांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली व्हायची. पदराचा ओटा भरला की ती तो बांधावर रिता करायची आणि घोड्यांच्या टापा ऐकू येतात का म्हणून क्षणभर थांबायची.

सगळं गावच तसं कान देऊन असायचं. तांबुळवाडी अणदूरपासून दोन कोसांवर. तिथून पुढं थोड्याच कोसांवर निजामाचा मुलूख संपायचा आणि सोलापूरचा लागायचा. तिकडं झेंडा बदलून वर्ष झालं होतं. इकडं बाजाराच्या दिवशी रजाकार घोड्यांवरून यायचे. कधी नुसते फिरून जायचे, कधी कुणाला तरी सोबत न्यायचे. गावातले दोघंजण नेले होते. त्यांतला एक परत आला, पण तो कुणाशी बोलत नव्हता.

महारुद्राच्या घराला आणखी एक भीती होती, आणि ती त्यांच्याच गोठ्यात होती. भीमाशंकर मास्तर पंचविशीचा, सोलापुरात शिकलेला माणूस. त्यानं देवळात मराठी शाळा काढली होती. बिनपरवान्याची म्हणून ती बंद झाली. सरकारी शाळा उर्दूची, तीही तीन कोसांवर. मास्तर चार घरं फिरला आणि शेवटी महारुद्राकडं आला. महारुद्राला स्वतःला अक्षर येत नव्हतं. बोलायलाही तो कमीच. "दुपारचा गोठा रिकामाच अस्तोय," एवढंच तो म्हणाला. तेव्हापासून सहा पोरं दुपारची गोठ्यात बसायला लागली. त्यांत महारुद्राची दहा वर्षांची महादेवीही होती. कुणी विचारलं तर पोथी ऐकायला येतात म्हणून सांगायचं, असं ठरलं होतं. महारुद्राची म्हातारी आई नागम्मा रोज दुपारी दारात काठी आडवी टाकून बसायची. जागेवरून उठली तर काहीतरी होईल, असं तिला वाटायचं.

उमाबाई त्याच गोठ्यात एका अंगाला शेंगा सोलत बसायची. ऐकता ऐकता तिला अक्षरं लागली. आधी लेकीच्या पाटीवर गिरवलं, मग जोडाक्षरं आली. वर्षभरात ती पोरांच्या पुढं गेली. मास्तरनं सोलापुरातून चाळीस पानांची एक वही आणून तिच्या हातात दिली, तेव्हा ती लाजली आणि वही तिनं पदराखाली धरली.

त्या पावसाळ्यात मास्तर पोरांना उपमा शिकवत होता. तो म्हणायचा, अक्षर आलं म्हणजे लिहिता आलं असं नव्हे. जे दिसतं ते कशासारखं दिसतं हे सांगता आलं पाहिजे. रोज दोन ओळी लिहून आणायच्या. पोरं लिहायची, चंद्र भाकरीसारखा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उमाबाईनं लिहिलं, "कुळवलेलं रान ताज्या पिठासारखं मऊ दिसतं." मग सासूवर लिहिलं, "आत्याबाईंचा राग दुधासारखा. भसकन वर येतो, फुंकर घातली की खाली बसतो." मास्तरनं ती ओळ मोठ्यानं वाचली तेव्हा दारातली नागम्मासुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

मग एका बाजारच्या दिवशी गल्लीतून घोडी गेली. त्या दिवशी उमाबाईनं लिहिलं, रजाकार घारीसारखे फिरतात. मास्तरनं ते वाचून आधी दाराकडं बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला की असं नाव लिहायचं नसतं. नाव काढा आणि 'सारखे' पण काढा. नुसती घार राहू द्या. ज्याला कळायचं त्याला कळतं, याला रूपक म्हणतात. उमाबाईनं ते पान फाडून दुसऱ्या पानावर नव्यानं लिहिलं: "गावावर घार फिरते. कोंबड्या पिलं पोटाखाली घेतात. कोंबडा आरवत नाही."

मास्तरनं ते वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. हे चांगलं झालंय, तो म्हणाला, पण हे पानही फाडून टाका.

उमाबाईनं ते फाडलं नाही. कागद मिळत नव्हता हे खरं. पण तिला ती ओळ आवडली होती, हे त्याहून खरं.

श्रावण सरता सरता पोलीस आले. दुपार होती आणि आभाळ काळं झालं होतं. ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावर, मागं आठ जवान आणि त्यांच्यामागं तट्टावर बसलेला एक मुन्शी. मास्तर ओढ्याकडून येत होता. घोडी दिसताच तो ज्वारीत शिरला. पोरं मागच्या कुडातून पळाली. महादेवी शेजारच्या घरात घुसली. महारुद्र बैलांना पाणी पाजत होता, तो हातात दावं घेऊन तिथंच उभा राहिला.

त्याच दाव्यानं जवानांनी त्याला गाडीच्या चाकाला बांधला. मास्तर कुठाय ते विचारलं. त्याला माहीत नव्हतं. तसं त्यानं सांगितलं, तेव्हा एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगडीत घातला. महारुद्र ओरडला नाही. त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली.

पाच पाट्या सापडल्या. त्या जवानांनी उंबऱ्यावर आपटून फोडल्या. मग एकानं गव्हाणीत हात घातला आणि कडब्याखालची वही बाहेर काढली.

अमीन पन्नाशीचा होता. कपडे स्वच्छ, दाढी नीट कातरलेली आणि डोळ्यांखाली काळं. तो बाजेवर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. मुन्शी लातूरकडचा, मराठी वाचणारा. तो उभ्यानं वही वाचून दाखवायला लागला. कुळवलेलं रान झालं, दुधासारखा राग झाला. अमीन डोळे मिटून ऐकत होता. घारीच्या ओळीशी मुन्शीचा आवाज जरा अडखळला, पण त्यानं वाचली. अमीनानं डोळे उघडले.

हे कुणी लिहिलं, असं त्यानं महारुद्राला विचारलं. सरहद्दीपलीकडच्या बंडखोरांच्या छावण्यांना ही खबर जाते ना? घार म्हणजे कोण, कोंबड्या म्हणजे कोण, कोंबडा आरवत नाही म्हणजे कुठला माणूस अजून उठायचा राहिलाय? महारुद्रानं अंगठा दाखवला. आपल्याला लिहिता येत नाही, हे त्याला सांगायचं होतं. जवानाला ते उद्धटपणाचं वाटलं आणि दस्ता दुसऱ्या बरगडीत बसला.

"म्या लिवलंय," उमाबाई म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. मागून नागम्मानं तिचा पदर ओढला आणि कानडीत पुटपुटली, सुम्मनिरु, गप ऱ्हा. जवान हसले. अमीन हसला नाही.

"औरत लिखती?" त्यानं मुन्शीला विचारलं. मुन्शीनं खांदे उडवले.

अमीनानं तिला पुढं बोलावून खाली बसवलं. नवरा जाईल म्हणून बायका काहीही कबूल करतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं मुन्शीकरवी तिला सांगितलं की या वहीत जी उपमा आहे तिला आमच्याकडं तश्बीह म्हणतात. मी लहानपणापासून शेर ऐकत आलोय, तेव्हा मला फसवू नकोस. घार कोण?

उमाबाईनं पदर सावरला. ती म्हणाली, "घार म्हंजी घारच की साहेब. आमची पाच पिलं न्हेली तिनं." पिलं खरंच नेली होती. अमीनानं मान हलवली. ज्या हातानं रागाला दूध म्हटलं, तो हात घारीला नुसती घार म्हणणार नाही, असं तो शांतपणे बोलला. तो ओरडला असता तर उमाबाईला बरं वाटलं असतं. हा माणूस तिचं लिहिणं मास्तरइतकंच नीट वाचत होता.

मग त्यानं वहीचं कोरं पान फाडून तिच्यापुढं टाकलं आणि मुन्शीची पेन्सिल तिला द्यायला लावली.

"लिख," तो म्हणाला. "मेरे पर लिख. मैं कैसा हूँ."

लिहिलं नाही तर वही महारुद्राची ठरणार आणि महारुद्र ठाण्यावर जाणार. लिहिलं तर काय लिहायचं? साहेब राजासारखे. साहेब बापासारखे. असलं या माणसानं जन्मभर ऐकलं असेल. हे खोटं लिहिलं तर घारीचंही खोटंच धरील. तिनं वर बघितलं. अमीन पुन्हा पाणी पीत होता. तो तिसरा तांब्या होता. त्याच्या हाताला कंप होता आणि तांब्याचा काठ दातावर बारीक वाजत होता. बाजेजवळ घोडं तयार ठेवलं होतं आणि पाणी पितापिताही अमीनाचा डोळा सोलापूरच्या वाटेवर होता.

तिनं पान मांडीवर घेतलं. पेन्सिल ओल्या बोटांतून निसटत होती. ती हळूहळू लिहीत गेली, एकेक काना देत, एकेक मात्रा देत. जवान वाकून बघत होते. जे दिसत होतं तेवढंच तिनं लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही.

"साहेब पाणी पितात. तांब्या दातावर वाजतो. भ्यालेल्या माणसासारखा."

लिहून झालं आणि आपण काय लिहिलं ते तिला दिसलं. पुसायला ती पाटी नव्हती. मुन्शीनं कागद तिच्या हातून घेतला. त्यानं मनात वाचलं आणि शेवटच्या शब्दावर त्याचं बोट थांबलं. त्यानं उमाबाईकडं पाहिलं नाही. घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला लागला.

"साहेब पाणी पितात. लांबून आलेल्या वाटसरूसारखे. दारी आलेल्याला पाणी द्यावं, हा आमच्या घरचा धरम हाय."

उमाबाईला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला कळलं आणि ती जास्तच घाबरली. आता तिच्याबरोबर मुन्शीही मरणार होता.

अमीनानं कागद मुन्शीच्या हातून घेतला. त्याला मराठी ऐकून कळायचं, वाचता येत नव्हतं. पण ओळी मोजता येत होत्या. तो कागदाकडं बघत म्हणाला, "इत्ता सब इसमें है?"

"जी हुजूर," मुन्शी म्हणाला. "मराठी को जगह कम लगती."

अमीन बराच वेळ मुन्शीकडं बघत राहिला. गोठ्यात म्हशीनं शेपटी आपटली. मग त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली आणि वही जवानाकडं टाकली. जवानानं ती चुलीतल्या निखाऱ्यावर धरली. ओलसर होती, लवकर पेटेना. तो फुंकर घालत बसला.

त्यानंतर अमीन उठला आणि गाडीजवळ गेला. महारुद्राच्या कानाशी वाकून तो काहीतरी बोलला. महारुद्रानं मान वर केली आणि उमाबाईकडं एकदाच बघितलं. ती नजर तिला उमगली नाही. मुन्शीनं उर्दूत दोन कागद लिहिले, एक ठाण्यासाठी आणि एक घरात ठेवायला. बांधलेल्या हाताच्याच अंगठ्याला शाई लावून दोन्हींवर ठसे घेतले. मग दावं सोडलं.

घोडी गेली. पाऊस आला. नागम्मा फुटक्या पाट्यांचे तुकडे ओच्यात गोळा करत राहिली आणि रडत राहिली.

महारुद्राच्या मनगटांवर दाव्याचे वळ पडले होते आणि खोकला आला की तो बरगडी दाबून धरायचा. हळद-तेल लावताना उमाबाईनं त्याला विचारलं, कागदात काय हाय? तो म्हणाला, शाळा भरवायची न्हाय असं हाय. तिला ते पटलं नाही. शाळा बंद करायला एवढ्या ओळी कशाला लागतात? कागद त्यानं पत्र्याच्या पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती शेंगा तोडायला निघाली, तर त्यानं तिला दारातच थांबवलं. तू रानात येऊ नगं, म्हणाला. पाण्यालाही जाऊ नको. पाणी तो स्वतः आणायला लागला. पुरुष माणूस खांद्यावर घागर घेऊन येताना बघून बायका तोंडात पदर कोंबायच्या. कधी तो पेन्सिलीचा तुकडा सापडला म्हणून ओढ्यात टाकून यायचा, कधी चुलीतले कोळसे मोजल्यासारखे बघायचा. शेजारची हरणाबाई एरवी रोज विस्तव न्यायला यायची. ती आता दारातूनच परत जायची. महादेवीशी बोलायची, उमाबाईशी नाही.

उमाबाई घरात बसून शेंगा झोडपायची आणि विचार करायची. महारुद्रानं अंगठा कशावर दिला असेल? रान लिहून दिलं असेल का? की मास्तर परत आला तर ठाण्यावर कळवायचं कबूल केलं असेल? ते मनात आलं की तिच्या हातातली काठी थांबायची. मास्तरचा ठावठिकाणा लागत नव्हता. तो सीमेपलीकडं पोचला असेल तर बरं, आणि रात्री-बेरात्री इथंच आला तर? आपल्या नवऱ्याला ती पंधरा वर्षं ओळखत होती. तरी आता तो जेवायला बसला की ती त्याच्या अंगठ्याकडं बघायची.

दोनदा तिनं पेटी उघडून कागद बाहेर काढला. उजवीकडून डावीकडं पळणाऱ्या त्या रेघांत एकही अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं. वाचता येणाऱ्या माणसाला न वाचता येणारा कागद जास्त भिववतो, हे तिला तेव्हा कळलं.

भाद्रपदात एका सकाळी नळदुर्गाच्या अंगानं धडधड आवाज आला. आभाळात विमान दिसलं. दुपारपर्यंत सडकेनं हिंदुस्थानच्या फौजेच्या गाड्या गेल्या. चार-पाच दिवसांत सगळं उरकलं. ठाणं ओस पडलं. अमीन कुठल्या रस्त्यानं गेला ते कुणालाच सांगता येईना. देवळापुढं लोकांनी गुलाल उधळला. महारुद्र तिथं जाऊन आला, पण हसला नाही. ज्यांनी पोळलं ते गेले, आता पोळलेले निघतील, असं तो नागम्माला म्हणाला.

दुसऱ्याच दुपारी आमिनाबी मागच्या कुडातून आत आली. ती गावची मण्यारीण. नवरा मागंच वारला होता आणि मुलगा गुलबर्ग्याला होता. गावातल्या प्रत्येक नवरीचा चुडा तिनंच भरलेला. तिच्या अंगावर चिखल होता आणि एका पायात चप्पल नव्हती. शेजारच्या गावात काय झालं ते तिला सांगता येईना. ती नुसती हात पुढं करून उभी होती. महारुद्रानं तिच्याकडं बघितलं, म्हैस दाराकडच्या बाजूला बांधली आणि गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या रचून जागा केली. मग दारात सुंभ वळत बसला. शेजारी कुऱ्हाड होती.

तिसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं आली. अनोळखी होती, काहीजणांच्या कपाळाला गुलाल होता. म्हातारी मण्यारीण इकडं आली का, असं त्यांनी विचारलं. महारुद्रानं वळता वळता मान हलवली. त्यांतला एक आत जायला निघाला.

"आत म्हैस अडलीया," महारुद्र म्हणाला. "परक्याचा पाय लागला अन् रेडकू गेलं, तर तुमच्या दारात आणून टाकीन."

तो उठला नाही, त्याचा आवाजही चढला नाही. माणसं थोडा वेळ रेंगाळली आणि गेली. आत उमाबाईनं आमिनाबीचं तोंड स्वतःच्या तळहातानं दाबून धरलं होतं. हात काढला तर त्यावर दातांचे व्रण होते. कधी उमटले, ते दोघींनाही आठवेना.

आठ दिवस आमिनाबी तिथं राहिली. तिला उर्दू वाचता येत होतं, लहानपणी बापानं शिकवलं होतं. पाचव्या दिवशी उमाबाईनं पेटीतला कागद आणून तिच्यापुढं धरला. आमिनाबी म्हणाली की हा हाताचा लिखावा आहे, मला छापील येतं. तरी तिनं डोळ्यांजवळ धरला. दोनतीन ओळींपर्यंत तिचे ओठ हलले आणि मग थांबले.

"छोड उमा," ती म्हणाली. "कुछ नई इसमें. शाळा का है."

उमाबाईला मुन्शी आठवला. वाचणारा दयाळू असला तरी कागदात काय आहे ते कळत नाही. ती म्हणाली, "तुमी वाचू नगा. मला अक्षरं दावा."

आमिनाबीनं नको नको म्हटलं. पण ती त्या घरात लपलेली होती, आणि नाही म्हणायची ताकद तिच्यात नव्हती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काडीनं तिनं अलिफ काढला, बे काढली. दोघी तीन दिवस त्या कोपऱ्यात बसून होत्या. बाहेर काही वाजलं की पायानं पुसायच्या, शांत झालं की पुन्हा काढायच्या. उर्दू बोली दोघींनाही येत होती, त्यामुळं अर्धं अक्षर लागलं की शब्द लागायचा. उमाबाईला पहिल्यांदा महारुद्राचं नाव सापडलं. मग तिचं स्वतःचं, अलिफ, मीम, अलिफ. मास्तरचं नाव तिनं सगळ्या कागदात शोधलं. ते कुठंच नव्हतं. तिच्या छातीवरचा धोंडा हलला.

तिच्या नावापुढच्या शब्दावर तिनं बोट ठेवलं.

"ये क्या?"

आमिनाबीनं काडी खाली ठेवली.

"सांगा की."

"दाल," आमिनाबी म्हणाली. "बाद में ये. वाव. अलिफ. नून. ये."

उमाबाईनं जमिनीवर एकेक मांडलं. "दी," ती म्हणाली. "वा." मग बराच वेळ गेला. "नी."

बाकीचं लागायला वेळ लागला नाही. महारुद्राची बायको उमाबाई दिवाणी आहे. तिच्या लिहिण्या-बोलण्यावर कुणी भरवसा ठेवू नये. मी तिला घरात ठेवीन, लोकांत जाऊ देणार नाही, कागद-कलम हाती देणार नाही. गावच्या पाटलालाही हे सांगून ठेवीन. खाली अंगठा.

म्हणजे गावाला माहीत होतं. हरणाबाईला माहीत होतं. घरात तिलाच तेवढं ठाऊक नव्हतं. आमिनाबीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. उमाबाई रडली नाही. तिनं जमिनीवरची अक्षरं तशीच राहू दिली.

आठव्या दिवशी फौजेची गाडी अणदूरला थांबली होती. महारुद्रानं आमिनाबीला कडब्याच्या गाडीत बसवून तिथवर सोडलं. ती सोलापूरला भावाकडं गेली. पुढं तिचा निरोप आला तेव्हा सोबत मास्तरचाही आला, तोही तिकडं सुखरूप होता.

तिला सोडलं त्या दिवशी महारुद्र गाडी सोडून आला आणि तसाच मुगाच्या रानात कुळव धरून गेला, ज्वारीसाठी पाळी घालायची होती. दुपारी उमाबाई भाकरी घेऊन निघाली. तीन आठवड्यांनी ती उंबऱ्याबाहेर पडत होती. वाटेत दोन बायका भेटल्या, त्या बाजूला झाल्या. ती चालत राहिली.

तिला बांधावर बघून महारुद्रानं बैल थांबवले. तिनं कमरेचा कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. शब्दाखाली बोट धरून, उजवीकडून डावीकडं, अडखळत. दिवाणी या शब्दावर ती थांबली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचलं.

महारुद्र कुळवाच्या दांडीवर हात ठेवून ऐकत होता. मनगटावरचे वळ आता काळे पडले होते.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय. त्यो म्हनला, लिवनारी बाई शानी हाय, तवा तिला न्हेतो. येडी हाय म्हून अंगठा देत आसशील तर ठिवून जातो." त्यानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "दिला."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"भ्या वाटलं."

"त्यो तर पळून गेला की. आता कुनाचं?"

महारुद्रानं बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली.

"तुजं," तो म्हणाला. "तू कवातरी वाचशील म्हून."

उमाबाई बांधावर बसली. फडकं सोडून तिनं भाकरी काढली, वर ठेचा ठेवला. कागद फाडून टाक, असं तो म्हणाला. तिनं तो घडी करून परत कमरेला लावला.

"उद्यापासनं पान्याला म्या जानार," ती म्हणाली.

"बाया बोलतील."

"बोलू द्या."

त्यानं हात धुतले आणि तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली. खाऊन झाल्यावर तो उठला आणि कुळवाला लागला. उमाबाई लगेच घरी गेली नाही. तो दूरच्या टोकाला जाऊन वळायचा, आणि दर फेरीला ती अजून बसलीय का ते आधी बघायचा, मग बैल हाकायचा.